नळीची तोंडं

टाइल्सवाल्याला आपण शब्द देऊन बसलो आहोत, हे दादाने घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या रविवारी चौघांसमोर ठरलं होतं ते एवढंच: हॉटेलवाल्याने ताईची शेगडी पसंत केली आणि आपल्या तिन्ही हॉटेलांसाठी तशा बनवायला सांगितल्या, तर घरचं वेल्डिंगचं वर्कशॉप चालू राहील आणि ताई ते चालवील. नाही केली, तर शेड टाइल्सच्या गोदामाला भाड्याने जाईल. ताईने मान हलवली होती. धाकट्याने, म्हणजे मास्तरने, "बघू" म्हटलं होतं. तिघांचे वडील, अण्णा, काहीच बोलले नव्हते. अण्णा बोलले नाहीत की घरातला प्रत्येक जण ते आपल्याच बाजूचं समजत असे.

आज तोच निकाल लागायचा होता, जेवणाबरोबर. शेडसमोरच्या अंगणात दोन लाकडी घोड्यांवर लोखंडी पत्रा टाकून टेबल केलं होतं. वहिनीने, दादाच्या बायकोने, त्यावर जुनी चादर अंथरली होती, पण पत्र्याची धार चादरीतून हाताला लागतच होती. कांदे, बटाटे, मक्याची कणसं आणि मसाला लावलेली कोंबडी झाकून ठेवली होती. मास्तर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा, पण त्याचं टोपणनाव नोकरीच्याही आधीचं होतं. शाळेत असल्यापासून तो मोठ्यांच्या चुका दुरुस्त करायचा.

दादा आज सकाळपासून खुशीत होता, आणि त्याचं कारण टाइल्स नव्हत्या.

सकाळी ताई लाकडं आणायला टेम्पो घेऊन गेली होती, तेव्हा अण्णांनी त्याला हाक मारली. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांतला मधला भाग गेला होता. कडेकडेचं दिसे, पण ज्याच्याकडे पाहावं नेमकं तेच पुसलं जाई. शेगडीशेजारी उकिडवे बसून ते तळाच्या नळ्या चाचपत होते.

"कोण, दादा? ये इकडे. हे धर."

त्यांच्या हातात पत्र्याचे चार चौकोनी तुकडे होते, नळीच्या तोंडाएवढे.

"काय झालं?"

"तोंडं उघडी राहिलीत. चारी. लाकडांच्या गडबडीत विसरली असेल. पक्कड घे आणि घट्ट धर. हलवू नकोस."

या शेडमधून बाहेर पडलेल्या कुठल्याही फाटकाला, कठड्याला किंवा खिडकीच्या जाळीला उघड्या तोंडाची नळी नव्हती. पावसाळ्यात आत पाणी जातं आणि नळी आतून गंजते, हे खरं कारण होतं. पण अण्णा नेहमी दुसरंच सांगत. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका फाटकाच्या नळीत गांधीलमाश्यांनी घर केलं आणि फाटक बसवायला गेलेल्या अण्णांना कानाला डसल्या. "तोंड उघडं ठेवलं की कुणीतरी आत राहायला येतं," असं ते म्हणत. घरातल्या बोलभांड माणसांनाही तेच ऐकवत.

अण्णांनी दादाला "धर" म्हणायला फार वर्षं लागली होती. "तुझ्या हाताला धीर नाही," असं ऐकूनच तो वेल्डिंग सोडून हार्डवेअरच्या दुकानाकडे वळला होता. आज त्याने चारही तुकडे श्वास रोखून धरले. अण्णांनी डाव्या हाताचं बोट कडेला टेकवून, मापून, बोटाच्या पुढे पुढे वेल्डिंगचा टाका घातला. ठिणग्या उडाल्या, एकदोन दादाच्या शर्टावर आल्या. त्याने पक्कड हलवली नाही. मग अण्णांनी ग्राइंडर फिरवून सगळं गुळगुळीत केलं आणि वर तेलकट काजळीचा बोळा फिरवला.

"आज धीर होता हाताला," अण्णा म्हणाले.

ताई विसरली याचंही दादाला वाईट वाटलं नव्हतं.

*

घरात तिला सगळेच ताई म्हणत, मोठा भाऊसुद्धा. लग्न मोडून ती परत आली ती घरात न येता थेट शेडमध्ये आली होती, आणि गेली कित्येक वर्षं शेडमधलं बहुतेक काम तीच करत होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण गिऱ्हाइकं अजून "अण्णांकडचं काम" म्हणत.

"बार्बेक्यू म्हणतात याला," हॉटेलवाला शेगडीभोवती फिरत म्हणाला. पोट पुढे, हात मागे, डोळे सगळीकडे. "माझा आचारी काय करतो माहितीये? कोंबडी गॅसवर भाजतो आणि वरून धुराच्या वासाचे थेंब टाकतो. गिऱ्हाईक विचारतं, कुठल्या लाकडावर भाजली? हा सांगतो, आंब्याच्या. गॅसची टाकी मागे लालभडक उभी!"

"आमच्याकडे लाकूड समोरच दिसेल," ताई म्हणाली. "ही डावी बाजू जाळाची. लाकूड इथं जळतं. निखारे झाले की उजवीकडे ओढायचे, भाजायचं निखाऱ्यावर. जाळावर भाजलं की बाहेर कोळसा आणि आत कच्चं."

"आमच्या मास्तरसारखं," दादा म्हणाला.

"उलट रे. मी बाहेर कच्चा आणि आत कोळसा," मास्तर म्हणाला.

ताईने बाजूचं चाक फिरवलं. वरची जाळी साखळीवर सरसर वर गेली आणि चाक सोडताच जागच्या जागी थांबली. साखळीची ती दातेरी गरारी एका मोडीत निघालेल्या शटरची होती. हॉटेलवाल्याने स्वतः चाक फिरवून पाहिलं, मग पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा वहिनीने दादाकडे पाहिलं. पसंत पडत चाललं होतं.

जाळ चांगला धरला होता. ताई निखारे उजवीकडे पसरत होती. पेटीच्या तळाशी दोन चौकोनी नळ्या या बाजूकडून त्या बाजूला आरपार गेल्या होत्या आणि निखाऱ्यांच्या जाळीचा सगळा भार त्यांच्यावर होता. शेगडीतून मधूनच टक् असा आवाज येत होता.

"लोखंड अंग मोडतंय," खुर्चीवर बसलेले अण्णा म्हणाले. "नव्या मालाला पहिल्या विस्तवाला तसं होतंच."

आणखी एक टक् झालं. हा आवाज जरा खालून आला.

"हा चिमटा, ही निखारे ओढायची ओढणी," ताई हॉटेलवाल्याला सांगत होती. "ओढणी तापते, ती हातात धरून उभं राहायचं नाही. ती ठेवायला वेगळा हूक केलेला नाही. ही तळाची नळी बाहेर उघडी आहे ना, तिच्या तोंडात सरकवायची."

ती वाकली आणि लांब ओढणीचं टोक तिने सवयीने नळीच्या तोंडाकडे नेलं. टोक पत्र्यावर आपटलं.

तिने पाहिलं. तोंड नव्हतं. जिथे भोक हवं होतं तिथे काजळी लावलेला पत्रा होता, कडेने घासून गुळगुळीत केलेला. वरच्या डाव्या कोपऱ्यात टाका किंचित वळून संपत होता. तो वळसा एकाच माणसाचा होता. आणि सपाट असायला हवा होता तो पत्रा मध्ये किंचित फुगला होता.

काल दुपारी तिने सगळी शेगडी साबणाच्या पाण्याने धुतली होती. नळ्या आडव्या होत्या. आडव्या नळीतून सगळं पाणी कधीच जात नाही, थोडं राहतंच.

"सगळे मागे व्हा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून कुणी हललं नाही. "मागे! वहिनी, अण्णांना घेऊन शेडच्या भिंतीमागे. साहेब, तुम्हीही. दादा, वाळू!"

वाळूची पाटी वेल्डिंगच्या जागी नेहमी असे. दादाने ती आणेपर्यंत ताईने लांब फावड्याने, बाजूला उभी राहून, निखारे तळावरून खेचून अंगणात फरशीवर ओतले होते. जळती लाकडंही बाहेर काढली. निखाऱ्यांवर वाळू पडली, धूर झाला. चादरीवर राख उडाली, कोंबडीच्या झाकणावर बसली. मग ती स्वतःही मागे भिंतीशी आली.

शेगडी टक् टक् करत राहिली, मग ते आवाजही विरळ झाले.

"झालं काय पण?" हॉटेलवाल्याने विचारलं.

ताईने अण्णांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून, मान तिरपी करून तिच्याकडे कडेच्या नजरेने पाहत होते. तिने हिशेब केला आणि तो फार पटकन झाला. अण्णांचं नाव घेतलं, तर या शेडमधून आजवर गेलेल्या प्रत्येक मालावर संशय. आपलं घेतलं, तर फक्त आपल्यावर. तापलेला पत्रा उचलताना कुठली कड धरायची हे ठरवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच तिला लागला.

"तळाच्या नळ्यांची तोंडं बंद राहिली," ती म्हणाली. "आत पाणी आहे. वाफ झाली असती तर नळी फुटली असती. चूक झाली माझी."

"फुटली असती म्हणजे?" हॉटेलवाल्याने एक पाऊल मागे घेतलं, जरी मागे भिंतच होती. "माझी माणसं दिवसभर उभी राहणार हिच्यासमोर. पोटाजवळ!"

"म्हणूनच विझवली."

त्याने रुमालाने मान पुसली. चाकाकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही.

*

वहिनीला शेड गेलेली हवीच होती. दुकान, शेड आणि घर यांच्यामधल्या रोजच्या चकमकींना ती विटली होती. टाइल्सवाल्याला दिलेल्या शब्दाबद्दल तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण नवरा फोनवर बोलताना आवाज उतरवून "हो हो, आमच्यात काही अडचण नाही" म्हणाला, तेव्हाच तिला कळलं होतं. या घरात कधीच कुणाला अडचण नाही असं झालं नव्हतं.

ती चादरीवरची राख झटकत होती तेव्हा तिची नजर नवऱ्याच्या शर्टावर गेली. पाहुणे यायचे म्हणून तिने कालच इस्त्री केलेला पांढरा शर्ट. छातीवर तीन बारीक भोकं, कडा तपकिरी.

ती त्याच्याजवळ गेली.

"अहो. हा शर्ट सकाळी धड होता."

"असेल."

"ठिणग्यांची भोकं आहेत."

"आत्ता उडाल्या असतील, निखारे काढताना."

"निखारे तिने काढले. तुम्ही वाळू आणत होतात. लग्न झाल्यापासून या घरातली ठिणग्यांची भोकं मीच रफू करतेय, मला कळतात. वेल्डिंगची आहेत. तुम्ही तर शेडमध्ये पाऊल टाकत नाही. मग सकाळी काय धरून उभे होतात?"

दादाने छातीवरची भोकं तळव्याने झाकली.

"ती तुमच्यासमोर आळ स्वतःच्या अंगावर घेतेय," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "घेऊ द्या. शेड जाईल, तुमच्या त्या अडचण नसलेल्या माणसाला मिळेल. मला काय, बरंच आहे. पण हा शर्ट मी रफू करणार नाही. जेवायच्या खोलीत तुमच्या पाटासमोर खुंटीला टांगून ठेवीन. रोज बघा आणि जेवा."

दादाने तिच्याकडे पाहिलं. ती राख झटकायला परत गेली होती, जणू भाजीचंच बोलली होती.

तो भिंतीपाशी गेला. हॉटेलवाला निघायच्या बेतात होता. मोटारीची किल्ली हातात आली होती आणि मास्तर त्याला पाणी तरी प्या म्हणत होता.

"साहेब, एक मिनिट," दादा म्हणाला. "ताईने तोंडं उघडीच ठेवली होती. मुद्दाम. झाकणं आज सकाळी लागली. ती नव्हती तेव्हा." त्याला अण्णांचं नाव घेववेना. "झाकणं धरली मी."

"धरली तुम्ही, आणि लावली कुणी?"

*

अण्णांना पहिल्यापासून वाटत होतं की सगळे ताईच्या विसरभोळेपणाबद्दल बोलत आहेत आणि तो आपण वेळेवर सावरला आहे. बंद तोंडं म्हणजे चूक, हे त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला, कारण ते वाक्य त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. ते उठले, भिंतीला धरून शेगडीकडे निघाले.

"अण्णा, गरम आहे," ताई म्हणाली.

"माहितीये."

ते उकिडवे बसले. हाताची पाठ लोखंडाजवळ नेली, थांबले, मग बोट टेकवलं. पत्र्याच्या मधोमध बोट गेलं तेव्हा ते तिथेच राहिलं.

"पोट आलंय," ते म्हणाले.

मग त्यांनी मान ताईकडे वळवली.

"तोंड उघडं ठेवायचं नाही, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुम्हीच," ताई म्हणाली. "फाटकासाठी. हे विस्तवावर आहे, अण्णा."

"मला सांगायचं होतंस."

"परवा सांगितलं. तुम्ही म्हणालात, बघू."

"मी बघू म्हणतो म्हणजे मी ऐकलेलं नसतं. एवढ्या वर्षांत एवढंही कळलं नाही?"

मास्तरला हसू आलं, आणि त्याने ते खोकला म्हणून बाहेर काढलं.

"आणि तुम्हाला विचारायचं नव्हतं का?" ताईचा आवाज आता पहिल्यांदा चढला. "बंद करण्याआधी? माझ्या फोनला काय झालं होतं?"

अण्णांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. रागाने नव्हे, त्यांना खरंच आठवावं लागत होतं. "माझा हात फिरल्यानंतर मी कधी कुणाला विचारलंय?"

ते खरं होतं. या शेडमध्ये शेवटचा हात अण्णांचा असे. माल फाटकाबाहेर जाण्याआधी ते सगळ्या जोडांवरून तळवा फिरवत. टेम्पोवाला घाईला आलेला असे, कुणीतरी विचारी, "झालं का, अण्णा?" आणि ते न बघता म्हणत, "थांबा." डोळे गेले तेव्हाही ही रीत मोडली नाही. उलट सगळे म्हणाले, हात तर आहेत ना.

नळ्या हाताला कोमट लागायला लागल्या तेव्हा ताईने ड्रिल आणलं. बाजूला उभं राहून, खालच्या अंगाने, नळीच्या कडेशी टोक टेकवलं. लोखंडाचा भुगा निघाला, मग टोक आत शिरलं. तिने ड्रिल मागे घेतलं आणि भोकातून पाणी आलं. तांबूस, साबणाचा बारीक फेस असलेलं. थोडंच. मास्तरने टेबलावरचा चमचा खाली धरला. तो भरला आणि वर दोन थेंब फरशीवर पडले.

"एवढंच?" हॉटेलवाला वाकून पाहत होता. किल्ली खिशात परत गेली होती.

"एवढ्याची वाफ झाली तर हे पिंप भरेल," मास्तरने कोपऱ्यातल्या पाण्याच्या लहान पिंपाकडे बोट दाखवलं. "पण तिला पिंप मिळालं नसतं. या नळीतच बसावं लागलं असतं."

"आणि तोंड उघडं असतं तर?"

"तर जरा फुरफुरली असती आणि वाळली असती," ताई म्हणाली. तिने ग्राइंडरने चारही झाकणं कापून काढली. फुगलेलं झाकण खाली पडलं तसं अण्णांनी ते चाचपून उचललं आणि खिशात टाकलं.

हॉटेलवाल्याने नळीतून आरपार पाहिलं. पलीकडे अंगणाचा एक चौकोनी तुकडा दिसत होता, त्यात वहिनीची चप्पल.

"कोण चुकलं, त्याच्याशी मला देणंघेणं नाही," तो उठत म्हणाला. "माझ्या स्वयंपाकघरात रोज कुणीतरी चुकतं. आणि यांनी माझ्यादेखत विस्तव काढला, लपवालपवी केली नाही, हेही पाहिलं मी. पण एक विचारतो. तुमच्याकडून माल बाहेर पडताना शेवटचा हात कुणाचा?"

दादाने मास्तरकडे पाहिलं. मास्तरने पायाखालच्या राखेकडे पाहिलं. मागच्या रविवारपासून ज्याने त्याने जी जी बाजू धरली होती, ती सगळी या एका प्रश्नावर येऊन थांबली होती, आणि त्याचं उत्तर त्यांच्यापैकी कुणी देऊ शकत नव्हतं.

ताई अण्णांकडे पाहत होती.

अण्णा खिशातला पत्रा बोटाने चाळवत उभे होते.

"हिचा," ते म्हणाले.

"आजपासून?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"आत्तापासून. हात फिरव गं. पेटवण्याआधी फिरव."

ते माघारी गेले. खुर्ची कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं, तरी दादाने दंड धरला आणि त्यांनी तो झटकला नाही. बसल्यावर दादा त्यांच्याशेजारी जरा थांबला. मग खिशातून फोन काढून फाटकापाशी गेला. "नाही," त्याचा आवाज ऐकू आला, या वेळी न उतरवलेला. "आमच्यात अडचण आहे." वहिनीने कणसांवरचं झाकण पुसलं.

ताईने हातमोजे काढले. चाकाचा जोड, साखळीची कडी, जाळीच्या चारी कडा, जाळाच्या बाजूचा पत्रा, आतला कोपरा. मग ती गुडघ्यांवर बसली आणि नळीच्या पहिल्या तोंडात बोट घालून आतली धार चाचपली. तिथे ग्राइंडरने कापलेल्या लोखंडाचं कुसळ राहिलं होतं. तिने कानस मागितली.

मास्तरने लाकडं पुन्हा रचून ठेवली होती. हॉटेलवाल्याने खुर्ची ओढली आणि एक कच्चा कांदा उचलून खायला सुरुवात केली. ऊन टेबलावरून सरकून शेडच्या दारात गेलं होतं, सगळ्यांना भूक लागली होती.

अण्णांचे हात मांडीवर होते. कानस चालण्याचा आवाज ते ऐकत होते. तो थांबला तशी त्यांनी मान वर केली.

"झालं का?"

ताई दुसऱ्या नळीकडे वळली होती. तिने वर न पाहता म्हटलं, "थांबा."